एव्हरेस्टच्या माथ्यावर दुर्गेची प्रतिमा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. काळ्या मातीत धान्य रुजते, नंदादीप अखंड तेवतो, घटावर रोज एक माळ चढते आणि नवरात्र सरताच विजयादशमीचे सीमोल्लंघन येते. शक्तीची ही उपासना आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु शक्ती म्हणजे केवळ बळ नव्हे. ते बळ कोणासाठी वेचावे याचे भानही तीत येते. या मंगल दिवसांत आम्हास स्मरण होते ते अशा एका स्त्रीचे, ज्यांनी दुर्गेची प्रतिमा पाठीवरच्या पिशवीतून जगातील सर्वोच्च शिखरावर नेली आणि त्या वाटेवर मिळालेली शिकवण पुढे शेकडो जणींना दिली. त्या म्हणजे बचेंद्री पाल.

गंगोत्रीस जाणाऱ्या आपल्याकडील यात्रेकरूंना उत्तरकाशी परिचित आहे. त्याच जिल्ह्यातील नाकुरी या खेड्यात २४ मे १९५४ रोजी बचेंद्रींचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. शिवणकाम करून त्यांनी शिक्षणाचा भार हलका केला, संस्कृत घेऊन एम. ए. केले, पुढे बी. एड. ही पदवी मिळविली. एवढी शिकलेली मुलगी शिक्षिका होईल, ही घरच्यांची साहजिक अपेक्षा. मुलीने मात्र उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची वाट धरली. आईवडिलांस काळजी वाटली, यात नवल नाही.

१९८४ मध्ये कर्नल खुल्लर यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली. १५ मेची रात्र बुद्धपौर्णिमेची होती. ल्होत्सेच्या हिमाच्छादित उतारावर, सुमारे २४ हजार फुटांवरील छावणीत सारे निद्राधीन असता मध्यरात्रीनंतर वरच्या हिमनदीचा प्रचंड कडा कोसळला. बचेंद्रींच्या डोक्यास मार बसला आणि त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. तंबूतील सोबत्याने चाकूने कापड फाडून, बर्फ उकरून त्यांस बाहेर काढले. छावणीतील बहुतेक जण जखमी होऊन खाली परतले. भय वाटले काय, असे नेत्याने विचारताच बचेंद्रींनी होय म्हटले. परत जायचे काय, या प्रश्नास मात्र त्यांचे उत्तर नाही असे होते. भय न वाटणे म्हणजे धैर्य नव्हे. भयाची प्रांजळ कबुली देऊनही जो आपले पाऊल मागे घेत नाही, तोच पुढे इतरांस धीर देऊ शकतो.

आम्हास मात्र याहून मोलाचा वाटतो तो साउथ कोलवरील प्रसंग. शिखराच्या चढाईपूर्वीचा तो शेवटचा तळ. बचेंद्री तेथे वेळेत पोहोचल्या. परंतु जड ओझी घेऊन प्राणवायूविना चढणारे तिघे सोबती मागेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी शिखर गाठावयाचे असता शक्ती राखून ठेवावी, हाच कोणाही गिर्यारोहकाचा हिशेब. बचेंद्रींनी एका थर्मासात फळांचा रस, दुसऱ्यात ऊन चहा भरला आणि त्या गोठविणाऱ्या वाऱ्यात त्या उतार उतरू लागल्या. एवढा धोका कशासाठी पत्करला, असे एका सोबत्याने चकित होऊन विचारले. आपणही इतरांसारखेच गिर्यारोहक आहोत, अंगात बळ आहे, मग सोबत्यांस साहाय्य का करू नये, हाच त्यांच्या उत्तराचा आशय होता. आमच्या मते नेतृत्वाचा अवघा धडा याच उत्तरात आहे. ज्याच्यापाशी बळ अधिक, त्यानेच मागे राहिलेल्याकडे वळावे.

२३ मे रोजी सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी अंग दोर्जी यांच्यासमवेत त्या निघाल्या आणि दुपारी १ वाजून ७ मिनिटांनी शिखरावर पोहोचल्या. तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दुसऱ्याच दिवशी त्यांस तीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या अरुंद सुळक्यावर प्रथम बर्फ खोदून दोघांनी पाय स्थिर केले. मग गुडघे टेकून बचेंद्रींनी दुर्गेची प्रतिमा व हनुमानचालिसा काढली, लाल वस्त्रात गुंडाळून तिची संक्षिप्त पूजा केली आणि ती बर्फात ठेवली. त्या क्षणी त्यांस आईवडील आठवले. उठून उभे राहताच त्यांनी हात जोडून नमन केले ते अंग दोर्जींना, कारण दोराच्या अग्रभागी राहून त्यांनीच येथवर आणले होते. शिखरावरही ज्यास वाटाड्याचे ऋण आठवते, त्यासच पुढे वाटाड्या होण्याचा अधिकार प्राप्त होतो.

तसेच घडले. जमशेदपूर येथील टाटा स्टील साहस प्रतिष्ठानाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. १९९३ मध्ये भारत व नेपाळ यांच्या महिला एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. त्या मोहिमेत १८ जण शिखरावर पोहोचले, त्यांत ७ महिला होत्या. नेत्याचे नाव मात्र त्या यादीत नाही. दुसऱ्यांची पावले वर पडावीत म्हणून त्या खाली उभ्या राहिल्या. रेल्वेतून लुटारूंनी फेकून दिल्याने पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी दयेचे शब्द दिले नाहीत, शिक्षण दिले. २१ मे २०१३ रोजी अरुणिमांनी एव्हरेस्ट सर केले. २०२२ मध्ये, वयाची ६७ वर्षे उलटल्यावर, पन्नाशी ओलांडलेल्या महिलांचे पथक घेऊन बचेंद्रींनी अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय पायी पालथा घातला. त्या पथकात आपल्या नागपूरच्याही एक भगिनी होत्या.

घटापुढे हात जोडताना आपण देवीस शक्ती मागतो. त्याच घरात एखादी लेक काही वेगळे मागत असेल, तर तिचे म्हणणे निदान ऐकून तरी घ्यावे. डोंगरच चढावा असे नाही. कोणाला उद्योग उभारावयाचा असेल, कोणाला गावाचा कारभार पाहावयाचा असेल. आईवडिलांची काळजी खोटी नसते, परंतु काळजीची कुंपणे होऊ देऊ नयेत. आणि ज्या लेकीसुनांना पुढे जाण्याची संधी मिळाली आहे, त्यांनीही साउथ कोलवरील ते दोन थर्मास विसरू नयेत. यंदाच्या विजयादशमीस सोने वाटताना मागे राहिलेल्या एखादीचा हात धरून तिला पुढे न्यावे. देवीस असे सीमोल्लंघन खचितच प्रिय होईल, अशी आमची श्रद्धा आहे.