स्त्रीच्या यकृतात ‘वाय’ गुणसूत्र!

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात एखाद्या स्त्रीला पुरुष दात्याची अस्थिमज्जा, म्हणजे बोनमॅरो, दिली तर पुढे तिच्या रक्तपेशींत पुरुषांचे ‘वाय’ गुणसूत्र सापडते. यात नवल नाही. तिचे नवे रक्त दात्याच्या मूलपेशींपासूनच तयार होत असते. पण हेच गुणसूत्र तिच्या यकृताच्या पेशींत दिसले तर?

२००० साली न्यूयॉर्कचे डॉ. नील थीस आणि लंडनचे माल्कम अ‍ॅलिसन यांच्या गटांनी वेगवेगळ्या संशोधनांत नेमके हेच पाहिले. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या स्त्रियांच्या यकृताचे पातळ काप घेऊन त्यांतील ‘वाय’ गुणसूत्र खास खुणेने शोधण्यात आले. ती पेशी यकृताचीच आहे, तिथे अडकलेली रक्तपेशी नव्हे, याची वेगळी खातरजमा केली गेली. मग रक्त बनवणारी मूलपेशी यकृतही बनवते की काय? जगभर आशा पालवली. निकामी यकृत मज्जेने दुरुस्त करता येईल, असे वाटू लागले.

२००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी या आशेला मुरड घातली. ‘नेचर’मध्ये दोन अमेरिकी गटांनी दाखवले, की दात्याची पेशी स्वतःचे रूप पालटून यकृतपेशी झालेली नव्हती, ती आधीच्या यकृतपेशीत मिसळून गेली होती. त्या जोडपेशीत दोघांचीही जनुके होती. म्हणजे ‘वाय’ दिसणे खरे असले, तरी त्यावरून मज्जेपासून नवे यकृत घडते, असे सिद्ध होत नाही.

हा फरक केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ‘स्टेम सेलने यकृत बरे करू’ अशा जाहिरातींना भुलून दागिने मोडणारी, कर्ज काढणारी कुटुंबे आपल्याकडेही आहेत. रक्ताच्या आजारांत मूलपेशींचे प्रत्यारोपण हा प्रस्थापित उपचार आहे. मात्र मान्यता नसलेल्या आजारांत मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा, त्याबाहेर तो अनैतिक ठरतो, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

म्हणून असा उपचार कुणी सुचवला, तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही मंजूर चाचणी आहे का? ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीतील तिचा क्रमांक काय? उत्तर टाळले गेले, तर तिथून उठून यावे, हेच बरे.