करंगळी सरकली एक पट्टी

भजनी मंडळात मी पंचवीस वर्षं पेटी वाजवतेय. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घरी राहिला, तेव्हा वाटलं, यात नवीन ते काय? पट्ट्या तर त्याच. पण भाता नाही म्हटल्यावर डावा हात मांडीवर नुसता बसून राहिला आणि गाणं वाजलं ते अगदी ओकंबोकं.

एका क्लासला जाऊन पाहिलं. भिंतीवर कॉर्ड्‌सचा भलामोठा तक्ता होता. तो पाहूनच मला धडकी भरली. महिन्याभरात क्लास सोडला. मग घरी वहीत तोच तक्ता सरगममध्ये उतरवायला घेतला आणि हसूच आलं. पांढरी एक म्हणजे सा. ती आणि त्यापुढे एकाआड एक अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या की सा-ग-प, हा सी कॉर्ड. म-ध-सा हा एफ. प-नी-रे हा जी. या तिघांत सातही शुद्ध स्वर येऊन जातात! म्हणजे गाण्याचा जोर ज्या स्वरावर पडतो, तो ज्याच्या पोटात आहे तो कॉर्ड आधी दाबून बघायचा. ‘हॅपी बर्थडे’ची पहिली ओळ नीवर थांबते, तिथे जी. अख्खं गाणं या तिघांवर निघतं.

खरी अडचण उड्यांची. सी वरून एफ गाठताना पंजा उचलून टाकला की हमखास चुकतो, आणि पन्नाशीनंतरची बोटं उड्या मारत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे स्वर तेच ठेवायचे, क्रम बदलायचा. अंगठा सावर, मधलं बोट गवर, करंगळी पवर ठेवा. आता फक्त करंगळी शेजारच्या धवर न्या. सा-ग-ध, झाला ए मायनर. मग मधलं बोट गवरून मवर. सा-म-ध, झाला एफ. अंगठा जागचा हलला नाही. पुढे जीसाठी तेवढा पंजा डावीकडे घ्यायचा, खालचा नी, रे आणि प. तिथून सी वर परतताना करंगळी पवरच असते. डाव्या हाताने एकच पट्टी दाबायची, कॉर्डच्या नावाची. हे चार कॉर्ड याच क्रमाने फिरवले की बेन ई. किंगचं 1961चं ‘स्टँड बाय मी’ तयार.

कॉर्डची ही वळणं कानाला परकी नव्हती. हिंदी चित्रपटगीतांत ती रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा हात. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. आम्ही रेडिओवर चाल तेवढी ऐकत होतो, एवढंच.

भाचीच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी काळी दोनमध्ये सूर लावला. मी सूर चढवणारं ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबलं आणि बोटं पांढऱ्यांवरच ठेवली. ही लबाडी आहे, असं पेटीवाले म्हणतील. म्हणोत.

मंडळात मात्र एकदा फजिती झाली. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल, आणि मी सवयीने सा-ग-प दाबला. शुद्ध गंधार असा खणखणीत वाजला की टाळकरी बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. तेव्हापासून भैरवीला डाव्या हाताने नुसता सा-प धरते, आणि कुणी पुढ्यात पेटी सरकवली तर ती मुकाट्याने घेते.