अनोळखी शंखाची ओळख

समुद्राचे पाणी काचेच्या पेटीत भरून घरी मासे पाळणाऱ्यांना कधी कधी एक बिनबोलावलेला पाहुणा भेटतो. शोभेसाठी आणलेल्या प्रवाळखडकाच्या भेगेत लपून एखादा जिवंत शंख आत आलेला असतो. हा कोण, असा प्रश्न पडला म्हणजे बहुतेक जण त्याचा रंग पाहतात. परंतु रंगाची साक्ष कच्ची. कवचावर शेवाळ वाढते, आणि एकाच जातीचे शंखही निरनिराळ्या रंगांचे निघतात. म्हणून आम्ही दुसऱ्या खुणा सुचवितो.

पहिली खूण तोंडाची. तोंड वाटोळे व सलग काठाचे असेल, तर तो प्राणी बहुधा शेवाळ खरवडून खाणारा असतो. टर्बो व ट्रोकस हे या वर्गातले. उलट, तोंडाच्या पुढल्या टोकाला खाच वा पन्हळ असेल, तर तेथून नळी बाहेर काढून तो पाण्यातील भक्ष्याचा माग घेतो. म्युरेक्ससारखे मांसाहारी शंख असे असतात.

दुसरी खूण झाकणाची. प्राणी आत शिरला की झाकणाने दार लावून घेतो. टर्बोचे झाकण चुनखडीचे व जाड, तर ट्रोकसचे पातळ व शिंगासारखे असते.

तिसरी खूण आहाराची, आणि तीही पाहावीच. कारण एका खुणेवर विसंबता येत नाही. नॅटिकाच्या तोंडाला खाच नसते, तरी तो शिंपल्यांना भोक पाडून आतील जीव खातो. वाळूतील शिंपल्यांवर बाहेरून रुंद व आत निमुळते असे जे गोल भोक मुलांना दिसते, ते पुष्कळदा याचेच काम.

मात्र शंकूच्या आकाराचा, लांब व अरुंद तोंडाचा शंख दिसल्यास त्यास हात लावू नये. कोनस कुळातील या प्राण्यांजवळ भाल्यासारखा विषारी दात असतो. हिंदी व प्रशांत महासागरांत राहणाऱ्या कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसे दगावली आहेत, आणि त्या विषावर उतारा नाही. नवल असे की, त्याच कुळातील कोनस मॅगसच्या विषावरून बेतलेले वेदनाशामक औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झाले.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, नाव कळेपर्यंत दूर राहून पाहा, रात्री विजेरीच्या उजेडात त्याची चाल टिपा, चित्र काढा. परक्या समुद्रातून आलेला जीव आपल्या किनाऱ्यावर सोडू नका. आधी निरीक्षण, मग नाव आणि शेवटी स्पर्श, हाच क्रम हिताचा.