सैल सांध्यांचा संसार

लवचिकपणा हा आपल्याकडे गुण मानतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात योगासनांची प्रात्यक्षिकं असतात, त्यात एखादी मुलगी मागे वाकून स्वतःचे घोटे धरते आणि प्रेक्षकांत बसलेल्या आया एकमेकींना म्हणतात, ‘अंगात हाडं आहेत की नाहीत हिच्या!’ अंगठा वळवून मनगटाला टेकवणारा मुलगा वर्गात भाव खाऊन जातो. अशी दोन-चार मुलं बहुतेक वर्गांत असतात आणि त्यांतली बरीचशी मोठेपणी काही त्रास न होता आपापल्या कामाला लागतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून एखादी आई उद्याच मुलाला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढायची.

त्यांतल्या मोजक्या काहींच्या बाबतीत मात्र हे सैलपण शरीराच्या विणीतच असतं. मी त्यांतली एक. माझा उजवा खांदा आजवर किती वेळा निखळला, ते मोजणं मी चाळिसाव्या खेपेनंतर सोडून दिलं. गुडघ्याची वाटी, मनगट, करंगळी, जबडा यांचीही पाळी अधूनमधून येते. मी शाळेत शिकवते. फळ्यावर वरच्या बाजूला तारीख लिहिताना खांदा गेला आहे, कुकरचं झाकण फिरवताना मनगट गेलं आहे आणि एकदा स्टाफरूममध्ये नुसती जांभई देताना जबडा अडकला आहे. कधी सांधा पूर्ण निखळतो, कधी अर्धवट सरकून आपला आपण जागेवर येतो. लोकांना वाटतं की दुसरा प्रकार सौम्य. पण दिवसातून पाच-सहा वेळा तो झाला की रात्री कुशीवर वळणंही जड जातं.

या आजाराचं नाव एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम. डेन्मार्कच्या एडवर्ड एहलर्स यांनी 1901 च्या सुमारास आणि फ्रान्सच्या आंरी-अलेक्झांद्र डॅनलॉस यांनी 1908 मध्ये अशा रुग्णांची वर्णनं केली, म्हणून हे जोडनाव. दोघेही त्वचारोगतज्ज्ञ, कारण पहिल्यांदा नजरेत भरली ती ओढली की लांबणारी कातडी. त्याच्याही आधी, 1657 मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या योब फान मेकरेन या शल्यचिकित्सकाने एक स्पॅनिश तरुण पाहिला होता. तो आपल्या छातीची कातडी ओढून तोंडापर्यंत नेत असे. सैल सांध्यांची नोंद तर फार जुनी आहे. सिथियन भटक्या लोकांचे सांधे इतके ढिले, की धनुष्य ओढता यावं म्हणून ते खांद्यांना डागण्या देत, असं हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा प्रकार वेगवेगळ्या नावांनी दिले आहेत. निखळलेला सांधा माणसाला नवा नाही. तो पुन्हा पुन्हा का निखळतो, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा.

शरीरातल्या प्रथिनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा असतो. कातडी, हाडांना बांधणारे अस्थिबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतड्याची आवरणं, सगळीकडे ते आहे. शाळेच्या विज्ञानात आपण संयोजी ऊती म्हणून शिकतो, त्यांचं हे मुख्य सूत. त्याची रचना तिपेडी असते, तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. ही रचना जगाला दाखवली ती जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात बसून. मुलांना हे शिकवताना मला अजूनही अंमळ अभिमान वाटतो.

हा आजार समजावून सांगायला मी बाजेचं उदाहरण देते. बाजेची चौकट सागवानी असली तरी सुंभ सैल पडला की झोपणारा जमिनीला टेकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. इथे सुंभ दिसायला शाबूत असतो आणि पिळातच काहीतरी बिनसलेलं असतं. माझी हाडं ठणठणीत आहेत. त्यामुळे डिंकाचे लाडू, खारीक, नाचणीचं सत्त्व आणि दूध यांचा जो मारा गेली तीस वर्षं माझ्यावर झाला, त्याने माझं वजन तेवढं वाढलं. देणाऱ्यांची माया खरी होती, म्हणून खाल्लं.

2017 मध्ये या आजाराचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण नव्याने झालं आणि तेरा प्रकार ठरले. पुढे चौदाव्याची भर पडली. एका प्रकारात त्वचा फार नाजूक असते, जखमेचा व्रण सिगारेटच्या कागदासारखा पातळ आणि सुरकुतलेला राहतो. दुसऱ्या एका प्रकारात मोठ्या रक्तवाहिन्या, आतडं किंवा गर्भाशय अचानक फाटण्याचा धोका असतो. हा सगळ्यांत गंभीर, आणि घराण्यात कोणी तरुणपणी असं दगावलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवं. माझा प्रकार सर्वाधिक आढळणारा, अतिलवचिक सांध्यांचा. त्या तेरांपैकी बारा प्रकारांची जनुकं माहीत आहेत. राहिलेला एक तो हाच. म्हणजे रक्त तपासून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगता येत नाही. वैद्याने हात लावून, वाकवून, घराण्याची चौकशी करून आणि दुसरे आजार बाजूला काढूनच ठरवायचं.

वाकवून पाहण्याची एक रीत 1973 पासून बेटन यांच्या नावाने चालते. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते का, अंगठा हाताला आतल्या बाजूने टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या दहा अंश पुढे उलटतो का, आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला लागतात का. एकूण गुण नऊ. तरुण माणसाला पाच मिळाले तर पुढचा विचार करायचा. मला आठ मिळाले. परीक्षेत इतके चांगले गुण मला फारसे कधी मिळाले नव्हते.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा बारा. मधल्या बावीस वर्षांत काय झालं, ते असा आजार असलेले बहुतेक जण सांगू शकतील. दवाखान्यात पोचेपर्यंत सांधा जागेवर आलेला असतो. एक्स-रे स्वच्छ येतो. रक्ताचे अहवाल उत्तम. मग डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, ‘घरी काही ताण आहे का?’ एका डॉक्टरांनी मला न विचारता माझ्या आईला सांगितलं होतं, की लग्न झालं की हे थांबेल. लग्न झालं. थांबलं नाही, आणि मग सासूबाईंना वाटू लागलं की पोळ्यांच्या वेळीच हिचं मनगट कसं दुखतं. त्यांना दोष देत नाही. मनगट पोळ्यांच्या वेळीच दुखायचं, कारण लाटण्यावर भार पडतो तो तिथेच.

गावाकडे खांदा उतरला की हाडवैद्याकडे नेत. काहींच्या हातात खरोखर कसब असतं. पण ज्याचे अस्थिबंध मुळातच ताणले जातात, त्याचा हात जोर लावून ओढणं म्हणजे सैल सुंभ आणखी सैल करणं. शस्त्रक्रियेचंही काहीसं असंच. निरोगी माणसाच्या खांद्याचं आवरण आवळून शिवलं तर ते टिकण्याची शक्यता चांगली असते. आमच्यात शिवायचं कापडच ताणलं जाणारं, म्हणून ते पुन्हा सैल पडण्याची भीती जास्त.

वेदनेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच गैरसमज फार आहेत. सांधा निखळतो तेव्हाची कळ मोठी, पण ती ओळखीची आणि थोड्या वेळाची असते. रोजचं दुखणं निराळं. अस्थिबंधांचं काम ते करत नाहीत म्हणून स्नायूंना करावं लागतं; मानेचे, पाठीचे, खांद्याचे स्नायू दिवसभर सांधे धरून ठेवतात आणि संध्याकाळी लाकडासारखे होतात. वर्षानुवर्षं असं चाललं की मज्जासंस्थाही हळवी होते, साध्या धक्क्याचाही बभ्रा करते. डॉक्टर शून्य ते दहा असा आकडा विचारतात. मराठी माणसाला त्यात अडचण होते, कारण आपल्याकडे आकड्याऐवजी शब्द आहेत. मानेत रग लागते, कमरेत उसण भरते, खांद्यात चमक येते, गुडघा ठणकतो, बोटं ठसठसतात आणि या सगळ्यांखाली जे सतत असतं त्याला माझी आजी ‘कुरकुर’ म्हणायची. मी आता डॉक्टरांना हे शब्दच सांगते. संधिवाताच्या ज्या तज्ज्ञ बाईंनी माझं निदान केलं, त्यांनी ते लिहून घेतले होते. निम्मं निदान त्यांना त्यातच दिसलं, असं त्या म्हणाल्या.

सांध्यांखेरीजचंही बरंच असतं. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि नाडी मिनिटाला तीस-तीस ठोक्यांनी वाढते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ज्या मुली भोवळ येऊन पडतात, त्यांतली मी नेहमीची. न आपटता अंगावर काळे-निळे डाग उठतात. दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन काही जणांना नीट लागत नाही. आणि थकवा. रात्रभर झोपूनही सकाळी अंगावरून गाडी गेल्यासारखं वाटतं.

औषधाने हा आजार जात नाही. वेदनाशामक गोळ्या पोटाला पेलतील तितक्याच घ्यायच्या. खरा आधार व्यायामाचा, पण तोही उलटा. आम्हाला ताण देणारा व्यायाम नको. सांधा त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर ठेवून भोवतालचा स्नायू घट्ट करायचा. मी सुरुवात केली ती भिंतीला तळहात टेकवून दहा आकडे दाबण्यापासून. आरशासमोर उभं राहून गुडघा मागे न ढकलता सरळ ठेवायला शिकायला मला पाच महिने लागले, कारण आपला सांधा कुठे आहे याचा अंदाजच अशा शरीराला कमी येतो. डोळे मिटले की माझी कोपरं कुठल्या कुठे गेलेली असतात. मूळच्या सैल माणसाला आसनं सहज जमतात, शिक्षक शाबासकी देतात आणि तो आणखी वाकतो. योगवर्ग घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

घरातले बदल किरकोळ आहेत, पण संसार चालतो तो त्यांच्यावर. कणीक मळायला यंत्र आणलं. पोळ्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून लाटते, पाच झाल्या की थांबते. थांबणं हाच सगळ्यांत अवघड भाग. बरं वाटतं त्या दिवशी माणूस सगळी कामं उरकून घेतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. कपडे पिळणं नवऱ्याकडे. कढई उतरवणं नवऱ्याकडे. पाहुणे आले की ते ‘बिचारा’ म्हणतात. तो हसतो. मला तो शब्द आवडत नाही. फळ्यावर आता मी खांद्याच्या वर लिहीत नाही. वरची तारीख आणि सुविचार लिहायचं काम उंच मुलांनी आपापसांत वाटून घेतलं आहे, त्यावरून भांडणंही होतात.

सरकारदरबारी या आजाराला जागा मिळणं कठीण आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. रक्त न गोठण्याचा आजार त्यात नावाने आहे, हा नाही. मग अर्ज करायचा तो हालचालीच्या अपंगत्वाखाली. तिथे चाळीस टक्के भरावे लागतात आणि मोजणीचा मोठा भाग असतो सांध्याची हालचाल किती घटली याचा. माझा हात जायला हवा त्याच्या पुढे जातो. तपासणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे मोजला आणि कागदावर घट शून्य लिहिली. बसमध्ये बसायला जागा मागितली तर ‘चांगली धडधाकट आहेस की’ असं ऐकावं लागतं. तो माणूस आणि तो कागद एकच बोलतात.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. या प्रकारात प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. तिचा अंगठा मनगटाला टेकतो. या वयाच्या मुलांचे सांधे तसेही सैल असतात, म्हणून त्यांना गुणही जास्त लागतात आणि घाईने शिक्का मारत नाहीत. खेळाच्या सरांनी तिला आसनांच्या स्पर्धेसाठी निवडलं होतं. मी सरांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘मग तिला काय चालेल, बाई?’ बावीस वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. आता ती पोहायला जाते, सरांनीच सुचवलेल्या प्रशिक्षकांकडे, आणि घरी माझ्याबरोबर भिंत दाबते.

माझ्या पर्समध्ये हाताने लिहिलेलं एक कार्ड असतं. त्यावर आजाराचं नाव, माझ्या डॉक्टरांचा आणि नवऱ्याचा नंबर आणि खाली चार ओळी: हात ओढू नये. आहे तसा झोळीत ठेवावा. बधिरतेचं इंजेक्शन लागायला वेळ लागू शकतो. मी शुद्धीवर असेन तर आधी मला विचारावं. मागच्या महिन्यात मुलीने ते काढून वाचलं आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.