रिकामी जागा खरंच रिकामी असते का?

उर्दूत 'खला', मराठीत 'निर्वात'. शाळेत आपण शिकवतो की भांड्यातली सगळी हवा काढली की आत काही उरत नाही. शाळेपुरतं ते ठीक आहे. पण क्वांटम भौतिकशास्त्र सांगतं की सगळे कण काढले तरी तिथली बारीक थरथर थांबत नाही.

ही नुसती कल्पना नाही. १९४८ मध्ये डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांनी गणित मांडलं. धातूच्या दोन प्लेटा निर्वातात अगदी जवळ समोरासमोर ठेवल्या, तर विद्युतभार नसतानाही त्या एकमेकींकडे ओढल्या जातील. कारण मधल्या फटीत सगळ्या लांबीच्या लहरी मावत नाहीत, बाहेर मावतात. १९९७ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बल मोजून दाखवलं.

आता प्लेटा नाहीत, पण जागेचाच आकार बदलला तर? इथे 'कॉस्मिक स्ट्रिंग' म्हणजे वैश्विक तंतू येतात. टॉम किबल यांचा जन्म मद्रासचा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात ते डॉ. अब्दुस सलाम यांच्या गटात होते. १९७६ मध्ये त्यांनी म्हटलं की बर्फ गोठताना जशा आत रेघा राहतात, तसे विश्व थंड होताना तंतू राहिले असतील: प्रोटॉनहून बारीक, पण अफाट लांब.

घरी करून बघा. कागदाची गोल चकती घ्या, तिच्यातून भाकरीच्या चतकोरासारखा तुकडा कापा आणि कडा जोडा. शंकू तयार होईल. कागद कुठेही ताणला गेला नाही, पण टोकाभोवतीची फेरी आता ३६० अंशांची राहिली नाही. सरळ तंतूभोवतीची जागा अशीच असते. कापलेला भाग मात्र फार लहान, अंशाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास.

फेरीच कमी पडली, की लहरींची मांडणी बदलते. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हिशेब केला. प्रकाशाच्या बाबतीत तंतूजवळच्या निर्वाताची ऊर्जा शून्याच्याही खाली जाते. अंतर दुप्पट झालं की हा परिणाम सोळा पटींनी घटतो.

असा तंतू सापडला का? अजून नाही. २००३ मध्ये आकाशात शेजारी-शेजारी दोन हुबेहूब आकाशगंगा दिसल्या. मधल्या तंतूमुळे एकीच्याच दोन प्रतिमा दिसत असतील, असं वाटलं. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने स्पष्ट केलं की त्या दोन वेगळ्या आकाशगंगा आहेत.

म्हणून मुलांना तीन कप्पे शिकवू या: मोजलेलं, हिशेबाने काढलेलं आणि अजून न दिसलेलं. कॅसिमिरचं बल पहिल्यात, तंतूभोवतीची ऊर्जा दुसऱ्यात, खुद्द तंतू तिसऱ्यात. 'विज्ञानाने सिद्ध केलं' म्हणत तिसऱ्या कप्प्यातल्या गोष्टींना आयती जोडणारे मेसेज फिरतात. उद्या तो सिद्धान्त पडला तर त्या मुलाच्या मनात शंका कशाबद्दल येईल? ईमानला अशा टेकूची गरज नाही. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास प्रयोगावर उभा केला. तो वारसा सांगायचा असेल, तर मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं विचारायची सवय लावू या: हे मोजलंय का?