उन्हाच्या देशातली बुरशी

स्पेनची गोड वाइन म्हटली की हेरेस, माँतिया, मालागा ही नावं आधी येतात. त्यांची गोडी उन्हाची. पेद्रो हिमेनेस जातीच्या द्राक्षांचे घड चटयांवर पसरून सुकवायचे आणि मग रस काढायचा. तासगावचा बेदाणा सावलीत सुकतो, हे घड भर उन्हात.

गोडीची दुसरी वाट बोट्रायटिस या बुरशीची. तिला मात्र सकाळी धुकं लागतं आणि दुपारी कोरडी हवा. ओलाव्यात ती मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, दुपारी त्यांतून पाणी उडून जातं, आतली साखर आणि आंबटपणा दाट होतो. हाच नोबल रॉट. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी अख्खा घड नासवते. स्पेनच्या बहुतेक भागात असली हवा नाही, आणि उन्हावर भागत असताना हा जुगार खेळणार तरी कोण?

एकदा तो नकळत खेळला गेला. रिओहातल्या आरो गावची कुने ही १८७९ सालची वाइनरी. १ एप्रिल १९३९ रोजी यादवी युद्ध संपलं, पण गावोगावची तरणी माणसं युद्धाने ओढून नेली होती. वाइनरीत सांगितली जाणारी हकिगत अशी, की त्या हंगामात तोडणीला हात मिळेनात, पांढरी द्राक्षं वेलीवरच राहिली आणि त्यांच्यावर बुरशी चढली. त्यांची निमगोड वाइन ओकच्या पिंपांत गेली आणि तिथेच विसरली गेली. ती बाटलीत भरली तीस-एक वर्षांनी. नाव ‘कोरोना’, आपल्या २०२० शी त्याचा काही संबंध नाही. पुढे ही बाटली जाणकारांमध्ये गाजली, पण तिचं श्रेय कुशलतेपेक्षा मजूरटंचाईला जास्त जातं.

ठरवून केलेलं काम दिसतं ते नावारात, चिविते वाइनरीच्या ‘कोलेक्सिऑन १२५ वेंदिमिया तार्दिआ’मध्ये. बारीक मण्यांचं मोस्कातेल, बुरशी धरेल तसतशी टप्प्याटप्प्याने तोडणी, फ्रेंच ओकच्या पिंपात आंबवण. स्पेनच्या भूमीवरचा हा सगळ्यात नेटाचा प्रयत्न, असं माझं मत.

मोठं पाऊल मात्र सीमेपलीकडे पडलं. वेगा सिसिलिया हे स्पेनच्या रेड वाइनचं सर्वांत मानाचं घर. १९८२ पासून आल्वारेस कुटुंबाकडे. साम्यवादी राजवट गेल्यावर हंगेरीतल्या तोकाइमध्ये परदेशी पैसा येऊ लागला, तेव्हा १९९३ मध्ये या घराने तिथे ओरेमुस ही वाइनरी उभी केली. इथे बुरशी धरलेला एकेक मणी हाताने वेचतात. हे मणी मोजायचं जुनं माप म्हणजे पुत्तोन्य, साधारण २५ किलोची पाठीवरची टोपली. १३६ लिटरच्या पिंपामागे किती टोपल्या, यावर गोडीची पायरी ठरायची. २०१३ पासून तीन आणि चार टोपल्यांच्या पायऱ्या रद्द झाल्या; आता लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते.

थोडक्यात, स्पॅनिश मालकीची सर्वोत्तम नोबल रॉट वाइन हंगेरीत होते. आणि दुकानात बाटली हाती घ्याल तेव्हा एवढं पाहा: ‘वेंदिमिया तार्दिआ’ म्हणजे फक्त उशिराची तोडणी. बुरशीची हमी त्यात नसते, ती मागच्या लेबलवर शोधा.