विकत घेतलेला गेम आपल्याच कॉम्प्युटरवर का चालत नाही?



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चं नेहमीचं अपडेट बंद झालं. शाळेला देणगीत मिळालेले किंवा घरी थोरल्याकडून धाकट्याकडे आलेले बरेचसे जुने कॉम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे "सर, यावर लिनक्स टाकलं तर चालेल का?" असं पालक विचारतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचा प्रश्न वेगळाच असतो : "मग माझा गेम चालेल का?" पालकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, चालेल. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात घरातले पैसेही गुंतलेले आहेत.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजसारखीच लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. ती फुकट मिळते, कुणालाही वाटता येते आणि तिच्यात बदलही करता येतात. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली 'बॉस' ही यंत्रणा लिनक्सच आहे. तिची शाळांसाठीची आवृत्ती 'एज्युबॉस' म्हणून ओळखली जाते.

मग विंडोजचा गेम लिनक्सवर का चालत नाही? कारण तो विंडोजच्या भाषेत लिहिलेला असतो. मध्ये दुभाषी लागतो. 'वाइन' नावाचा असा दुभाषी 1993 पासून तयार होत आला आहे. 2018 मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यावरून 'प्रोटॉन' काढला. 2022 मध्ये आलेलं त्यांचं हातात धरून खेळायचं यंत्र, स्टीम डेक, लिनक्सवरच चालतं. म्हणजे भाषेची अडचण आता बरीच सुटली आहे. आजही अडतं ते बऱ्याचदा कुलपाशी.

कुलूप कसं असतं?

गेमची नक्कल कुणी फुकटात वाटू नये म्हणून कंपनी त्याला कुलूप घालते. या कुलपाच्या तीन पिढ्या पाहू.

पहिली पिढी पुस्तकाची. 1989 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्यापैकी अनेकांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळला असेल. त्याच्या मूळ प्रतीत पहिली पायरी संपली की गेम विचारायचा : सोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? पुस्तिका नसेल तर पुढे जाता यायचं नाही.

दुसरी पिढी सीडीची. 'सेफडिस्क' आणि 'सिक्युरॉम' ही तिची नावं. सीडीवर अशी खूण असायची की साध्या कॉपीत ती उतरायची नाही. ती खूण तपासणारा प्रोग्राम थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसायचा. 2015 मध्ये विंडोज 10 ने अशा जुन्या कुलपांना थारा देणं बंद केलं, कारण त्यातून सुरक्षेला धोका होता. परिणाम काय झाला? दुकानातून पैसे मोजून आणलेल्या कित्येक अस्सल सीड्या चालेनाशा झाल्या. ज्याने कुलूप तोडलेली चोरीची प्रत घेतली होती, त्याचा गेम मात्र चालू राहिला!

तिसरी पिढी इंटरनेटची. गेम कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, "हा खरा मालक आहे का?" 2008 मध्ये 'स्पोर' हा गेम ठरावीक वेळाच सक्रिय करता येईल अशी अट होती आणि त्यावर खेळाडूंनी मोठा गदारोळ केला. 2014 पासून 'डेन्युवो' हे कुलूप आलं. लिनक्सवर प्रोटॉनची आवृत्ती बदलली की डेन्युवोला ते नवीनच कॉम्प्युटर वाटू शकतं. असं थोड्या वेळात अनेकदा झालं तर खऱ्या मालकालाही ते काही काळ बाहेर ठेवतं.

याचा एक चुलतभाऊ आहे, लबाडी रोखणारा पहारेकरी. ऑनलाइन खेळात कुणी फसवू नये म्हणून तो कॉम्प्युटरवर नजर ठेवतो. काही पहारेकरी लिनक्सवर चालतात, पण परवानगी द्यायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. 'एपेक्स लेजेंड्स' लिनक्सवर चालत होता; 31 ऑक्टोबर 2024 ला कंपनीने लबाडीचं कारण देऊन तो बंद केला. स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सवाले अलीकडे तीन टक्क्यांच्या आसपास दिसतात. एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळा खर्च कशाला, असा हिशोब कंपन्या करतात.

गेम बनवणाऱ्याची बाजू

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. आपल्या पुराणकथांवर आधारलेला, भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा हा खेळ. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि 2020 मध्ये गेम बाजारात आला. अशा चमूचा गेम पेनड्राइव्हवरून फुकट फिरला तर त्यांची मेहनत वाया जाते. म्हणून "कंपन्या काय, श्रीमंतच असतात" हे मुलांना पटवून देऊ नका.

कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये घातलेल्या कलम 65 अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय 'क्रॅक' केलेल्या गेमसोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

मग पालकांनी काय पाहावं?

1. आधी विकत घेऊ नका, आधी विचारा. हा गेम लिनक्सवर चालतो का? त्यात ऑनलाइन पहारेकरी आहे का? एकट्याने खेळायचे बरेच गेम प्रोटॉनवर चालतात. ऑनलाइन स्पर्धेचे अडू शकतात.

2. इंटरनेटशिवाय चालेल का? वरंध घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही. दर वेळी सर्व्हरला विचारणारा गेम आपल्याकडे जून ते सप्टेंबर शोभेचाच.

3. गेम केवढा आहे? 60 जीबीचा गेम रोज दीड जीबीच्या पॅकवर उतरवायचा तर 40 दिवस लागतील. हे गणित मुलालाच करायला लावा.

4. 'विकत घेतला' म्हणजे नक्की काय घेतलं? बहुतेक ऑनलाइन दुकानांत आपण खेळायची परवानगी घेतो. 'द क्रू' हा गेम 31 मार्च 2024 ला कंपनीने सर्व्हर बंद करून संपवला. पैसे भरलेल्यांनाही तो खेळता येईना. उलट 'जीओजी' हे दुकान 2008 पासून बिनकुलपाचे गेम विकतं. फाइल एकदा उतरवली की आपल्याजवळ राहते.

5. लहान मुलांसाठी फुकट आणि बिनकुलपाचं बरंच आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी 'जीकॉम्प्री'मध्ये शंभराहून जास्त उपक्रम आहेत : मोजणी, घड्याळ, नकाशे, बुद्धिबळ. हे नाव उच्चारलं की फ्रेंचमध्ये 'मला समजलं' असं ऐकू येतं. चित्रांसाठी 'टक्स पेंट' आहे. दोन्ही जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्समध्ये चालतात, शाळेत कितीही मशीनवर टाकता येतात.

वर्गात करून पाहा (चौथी-पाचवी)

एका पेटीला कागदी कुलूप लावा. किल्ली म्हणून विचारा : "मराठीच्या पुस्तकात पान 12, ओळ 4, तिसरा शब्द कोणता?" एका मुलाकडे पुस्तक द्या. दुसऱ्याकडे त्या पानाची झेरॉक्स द्या. तिसऱ्याला सांगा, "पुस्तक तुझंच होतं, पण पावसात भिजून गेलं." आता पेटी कोण उघडू शकतं ते पाहा. झेरॉक्सवाला आत जातो आणि पुस्तकाचा खरा मालक बाहेर राहतो. मग दोन प्रश्न विचारा : पेटीतली वस्तू बनवणाऱ्याला पैसे मिळायला हवेत का? आणि भिजलेल्या पुस्तकवाल्यासाठी काय नियम करावा?

मुलांना दोन्हींची उत्तरं स्वतः शोधू द्या. एखादा म्हणेल, "सर, त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं." दुसरा विचारेल, "आणि वहीच भिजली तर?" तिथे थांबू नका, चर्चा पुढे नेत राहा. उद्या हीच मुलं मोबाइलवर 'आय ॲग्री' दाबणार आहेत. त्याआधी निदान एकदा तरी आपण काय घेतोय हे विचारायची सवय त्यांना लागली पाहिजे.